शंका-समाधान : लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकताना आणि अपडेट करताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांतून येणाऱ्या पत्रांत अलीकडे लिनक्सविषयीच्या शंका एकाएकी वाढल्या आहेत आणि त्यामागचे कारण उघड आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला, विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षाविषयक सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, आणि त्यामुळे एरवी ठणठणीत चालणारे कितीतरी संगणक बाद ठरले. घरातल्या एखाद्या मुलाने किंवा भाच्याने सुटीत येऊन त्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली, तिच्या लिनक्स मिंट नाही तर उबुंटू या रूपात, टाकून दिली आणि तो पुण्याला नोकरीवर परत गेला. आता त्या संगणकापुढे बसलेली मंडळी आम्हांला लिहीत आहेत. उत्तरांतील कमांड, म्हणजे संगणकाला टंकून द्यायच्या आज्ञा, उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या असल्या, तरी टंकताना त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरे लहान ठेवून टंकाव्यात. सॉफ्टवेअर आणून टाकणारा 'ॲप्ट' म्हणजे ए-पी-टी ही तीन अक्षरे आणि व्यवस्थापकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ ही चार.

प्रश्न : सादर नमस्कार. माझ्या जुन्या लॅपटॉपवर भाच्याने लिनक्स मिंट 22 टाकून दिले आहे. ध्वनिमुद्रित अभंग ऐकण्यासाठी मला सवयीचा व्हीएलसी प्लेअर हवा होता, म्हणून इंटरनेटवरून त्याची सेटअप फाइल उतरवून घेतली; पण कितीही वेळा क्लिक केले तरी ती चालत नाही. शेजारच्या मुलाने एका व्हिडिओत पाहून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकायच्या खिडकीत, चार ओळींची कमांड टाकायला सांगितली आहे. ती टाकावी काय? शिवाय संगणकावर मिंट असताना अपडेटच्या वेळी उबुंटूचे नाव वारंवार दिसते, त्याचाही उलगडा व्हावा. — एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : ती चार ओळींची कमांड टाकू नये, आणि उतरवलेली फाइलही पुसून टाकावी. नावाच्या शेवटी 'ईएक्सई' असलेली फाइल विंडोजसाठी बांधलेली असते. लिनक्स ती स्वतःहून चालवीत नाही, आणि यात आपले काही चुकलेले नाही. फरक आहे तो सॉफ्टवेअर कोठून घ्यायचे याचा. विंडोजवर आपण आधी कंपनीचे संकेतस्थळ शोधतो, तेथून सेटअप उतरवतो आणि मग ती चालवतो. लिनक्सवर आधी संगणकातच असलेला 'सॉफ्टवेअर मॅनेजर' उघडायचा असतो, कारण त्यामागे वितरणाने, म्हणजे मिंट किंवा उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचाने, स्वतः सांभाळलेले हजारो पॅकेजांचे, म्हणजे टाकायला तयार अशा सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांचे, कोठार असते, ज्याला रेपॉझिटरी म्हणतात. त्यातील पॅकेजांची यादी डिजिटल स्वाक्षरीने शिक्कामोर्तब केलेली असते आणि प्रत्येक पॅकेजची खूणगाठही त्या यादीत नोंदलेली असते, त्यामुळे वाटेत कोणी फाइलमध्ये फेरफार केलाच, तर संगणक ती घेण्याचे नाकारतो. इंटरनेटवर कोठूनतरी मिळालेल्या सेटअपला हे संरक्षण नसते.

तेव्हा सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये व्हीएलसी असे शोधावे, 'इन्स्टॉल' दाबावे, विचारल्यावर आपला पासवर्ड द्यावा, की काम झाले. तेथे एकाच प्रोग्रामचे 'सिस्टिम पॅकेज' आणि 'फ्लॅटपॅक' असे दोन पर्याय दिसल्यास गोंधळू नये. फ्लॅटपॅक आपल्याला लागणारी पायाभूत सामग्री स्वतःबरोबर आणतो. त्याची आवृत्ती बहुधा नवी असते, पण पहिला फ्लॅटपॅक उतरवताना शेकडो एमबी खर्ची पडू शकतात. अभंग ऐकण्यासाठी तेवढ्या नव्या आवृत्तीची गरज नाही. सिस्टिम पॅकेज घ्यावे. हवा असलेला प्रोग्राम कोठारात नसेल किंवा तेथील आवृत्ती फारच जुनी असेल, तेव्हा फ्लॅटपॅककडे वळावे. मिंट 22 मध्ये मूळ निर्मात्याची खातरजमा न झालेले फ्लॅटपॅक मुळातच लपवलेले असतात, आणि नवख्या माणसाने ती सेटिंग बदलू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही कंपन्या 'डेब' प्रकारची, म्हणजे उबुंटू-मिंटसारख्या वितरणांसाठी बांधलेली, फाइल देतात. ती दोनदा क्लिक केल्यावर उघडते आणि इन्स्टॉलही होते. गूगल क्रोमची डेब फाइल टाकल्यावर क्रोमच्या स्वतंत्र कोठाराचा पत्ताही संगणकात नोंदला जातो, त्यामुळे पुढची अपडेट बाकीच्या अपडेटबरोबर आपोआप येतात. पण सगळ्याच कंपन्या तशी तजवीज करीत नाहीत, आणि मग ते सॉफ्टवेअर टाकलेल्या दिवशी जसे होते तसेच वर्षानुवर्षे पडून राहते. म्हणून डेब फाइल हा दुसरा किंवा तिसरा उपाय समजावा.

उबुंटूच्या नावाविषयी : डेबियन हे वितरण 1993 मध्ये सुरू झाले, त्याच्या पायावर 2004 मध्ये उबुंटू आले आणि उबुंटूच्या पायावर 2006 मध्ये मिंट उभे राहिले. मिंट 22 ची बहुतेक पॅकेजे उबुंटू 24.04 च्या कोठारातून येतात, आणि त्या आवृत्तीचे टोपणनाव 'नोबल' असल्यामुळे तो शब्दही आपल्याला दिसत असेल. संगणकात कोणी परके शिरलेले नाही.

प्रश्न : मी निपाणीत एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. उबुंटू 24.04 वर 'सुडो ॲप्ट अपडेट' ही कमांड रोज न चुकता देतो, तरी 'इतकी पॅकेजे अपग्रेड करता येतील' असा आकडा कमी न होता वाढतच जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम असल्याने रोजचा दीड जीबी डेटा जपून वापरावा लागतो, आणि काही दिवशी मी काहीच न करता तो दुपारपर्यंत संपतो. पासवर्ड टंकतानाही पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे कीबोर्ड बिघडला की काय अशी शंका येते. — एक वाचक, निपाणी

उत्तर : पासवर्डपासून सुरुवात करू. उबुंटू 24.04 च्या टर्मिनलमध्ये पासवर्ड टंकताना अक्षर सोडाच, ताराही उमटत नाही. बाजूच्या माणसाला पासवर्ड किती अक्षरी आहे हेही कळू नये, हा त्यामागचा हेतू. डोळे मिटून टंकावा आणि एंटर दाबावे. कीबोर्ड शाबूत आहे.

'ॲप्ट अपडेट' या कमांडने एकही प्रोग्राम नवा होत नाही. वाण्याच्या दुकानातून आज कोणता माल आला आहे याची चिठ्ठी आणावी, तेवढेच काम ती करते. माल आणते ती 'सुडो ॲप्ट अपग्रेड'. आपण रोज फक्त चिठ्ठी आणत आहात, त्यामुळे आकडा वाढणारच. दोन्ही कमांड याच क्रमाने द्याव्यात. दुसरी दिल्यावर संगणक लगेच कामाला लागत नाही. तो कोणकोणती पॅकेजे बदलणार आहे ती नावे दाखवतो, त्याखाली एकूण किती एमबी उतरवावे लागतील आणि त्यानंतर डिस्कवर किती जागा वाढेल किंवा कमी होईल हे सांगतो, आणि मग 'वाय' की 'एन' असे विचारून थांबतो. नवशिके बहुधा या ओळी न वाचता 'वाय' दाबून मोकळे होतात, पण आपल्यासारख्या मोजून डेटा वापरणाऱ्याच्या दृष्टीने साऱ्या पडद्यावर त्याच दोन ओळी कामाच्या आहेत. आकडा मोठा दिसला तर 'एन' दाबावे आणि दुकान बंद करण्याच्या सुमारास, दिवसाचा डेटा शिल्लक असेल तेव्हा पुन्हा कमांड द्यावी. मध्येच नेटवर्क गेले तरी उतरलेला भाग वाया जात नाही. पुढच्या वेळी उरलेलेच आणले जाते.

अपग्रेड झाल्यावरही काही पॅकेजे मागे ठेवली आहेत असा संदेश येऊ शकेल. उबुंटू काही अपडेट जगभरच्या संगणकांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने देते, म्हणजे एखाद्या अपडेटमध्ये खोट निघालीच तर ती सर्वांपर्यंत पोचण्याआधी थांबवता येते. आपला टप्पा यायचा असतो, एवढाच त्याचा अर्थ. ती पॅकेजे बळेच टाकण्याच्या युक्त्या शोधू नयेत.

आता दुपारपर्यंत संपणारा डेटा. उबुंटूमध्ये फायरफॉक्ससारखे काही प्रोग्राम 'स्नॅप' या निराळ्या पद्धतीने येतात आणि स्नॅपची अपडेट ॲप्टला न विचारता, दिवसातून चार वेळा तपासली जातात. नवी आवृत्ती दिसली की ती आपोआप उतरू लागते. हे घरच्या ब्रॉडबँडवर सोयीचे असले, तरी हॉटस्पॉटवर जाचक होते, आणि इतकी महत्त्वाची गोष्ट सेटिंगमध्ये ठळकपणे न ठेवल्याबद्दल उबुंटूवाल्यांना दोष द्यावाच लागेल. 'सुडो स्नॅप रिफ्रेश', त्यापुढे जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून 'होल्ड=72एच' अशी कमांड दिल्यास ही आपोआप होणारी अपडेट 72 तास थांबतात. मात्र कायमची थांबवू नयेत. ब्राउझर हा संगणकातला सर्वाधिक हल्ले झेलणारा प्रोग्राम असतो, आणि हिशेबाच्या संगणकावर जुना ब्राउझर ठेवण्यात शहाणपण नाही. सवडीच्या दिवशी 'सुडो स्नॅप रिफ्रेश' एवढीच कमांड देऊन ती उरकून घ्यावीत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उबुंटूचे अपग्रेड चालू असताना वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी निकामी असल्याने तो तत्क्षणी बंद पडला. आता नवे काहीही टाकायला गेले की 'डीपीकेजी मध्येच थांबले आहे' असा इंग्रजी संदेश येतो. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर निराळाच संदेश येतो : 'लॉक मिळाले नाही'. इंटरनेटवर एकाने लॉकची फाइल पुसा असे सांगितले आहे, तर दुसऱ्याने सगळे पुन्हा फॉरमॅट करा असे. आम्ही काय करावे? — एक विद्यार्थिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : दोघींनीही फॉरमॅट करू नये आणि लॉकची फाइलही पुसू नये. आपले आणि आपल्या मैत्रिणीचे दुखणे वेगवेगळे आहे, त्यामुळे दोन्हींचा विचार निरनिराळा करू.

पॅकेज टाकण्याचे काम दोन पायऱ्यांत होते. आधी त्यातील फायली उलगडून जागच्या जागी ठेवल्या जातात आणि मग त्या प्रोग्रामची मांडणी, म्हणजे कॉन्फिगरेशन, पूर्ण केली जाते. आपली वीज या दोहोंच्या मध्ये गेली. काही पॅकेजे उलगडून पडली आहेत, पण त्यांची मांडणी व्हायची आहे. पहिले काम अर्धवट असताना डीपीकेजी, म्हणजे पॅकेजे टाकणारा मूळ प्रोग्राम, नवे काम अंगावर घेत नाही, आणि ते योग्यच आहे. आपण पाठवलेल्या मजकुरातच उपाय लिहिलेला आहे, तो आपल्या नजरेतून निसटला असावा : संदेशाच्या उत्तरार्धात 'सुडो डीपीकेजी' पासून सुरू होणारी, पुढे 'कॉन्फिगर' हा शब्द आणि शेवटी 'ए' हे अक्षर असलेली संपूर्ण कमांड दिलेली असते. तेथूनच ती जशीच्या तशी कॉपी करावी, म्हणजे आडव्या रेघांची संख्या चुकणार नाही. ती चालू असताना पडद्यावर 'सेटिंग अप' अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी भराभर सरकतील. राहिलेले एकेक पॅकेज पूर्ण होत असल्याची ती खूण आहे. ती संपल्यावर 'सुडो ॲप्ट', दोन आडव्या रेघा जोडून 'फिक्स-ब्रोकन' आणि शेवटी 'इन्स्टॉल' अशी कमांड द्यावी, म्हणजे एखाद्या पॅकेजला लागणारे दुसरे पॅकेज यायचे राहिले असल्यास तेही येईल. मग नेहमीचे अपडेट आणि अपग्रेड करावे.

वीज जाण्याच्या क्षणी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलत असता, तर लॅपटॉप कदाचित सुरूही झाला नसता, आणि फॉरमॅटचा सल्ला देणारे बहुधा याच प्रसंगाला घाबरलेले असतात. त्यालाही उतारा आहे. उबुंटू नवा कर्नल टाकताना जुना लगेच काढत नाही. सुरू करताना शिफ्टची, किंवा नव्या धाटणीच्या लॅपटॉपवर एस्केपची कळ दाबल्यास ग्रब नावाची यादी दिसते; तीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन आधीच्या क्रमांकाचा कर्नल निवडावा आणि आत शिरून वरील दोन्ही कमांड द्याव्यात. बॅटरी निकामी असलेल्या यंत्रावर, तेही पावसाळ्यात विजेचा नेम नसताना, अपग्रेड करायचे असेल तर ते इन्व्हर्टरवर असलेल्या सॉकेटवरच करावे.

मैत्रिणीच्या लॅपटॉपवरचे लॉक हा बिघाडच नाही. एका वेळी एकाच प्रोग्रामने पॅकेजांना हात लावावा यासाठी ते असते, आणि ते कोणाकडे आहे हे त्या संदेशातच पुढे कंसात लिहिलेले असते. तेथे 'अनअटेंडेड' या शब्दाने सुरू होणारे नाव दिसत असेल, तर उबुंटू आपणहून सुरक्षाविषयक अपडेट टाकत आहे असे समजावे आणि चहा होईपर्यंत थांबावे. सॉफ्टवेअर सेंटरची खिडकी उघडी असेल तर ती बंद करावी. लॉकची फाइल पुसल्यास दोन प्रोग्राम एकाच वेळी तीच नोंदवही लिहू लागतात, आणि मग मैत्रिणीची अवस्था आपल्यासारखी, किंबहुना त्याहून वाईट होते. ज्याने हा सल्ला दिला त्याचे काम त्या दिवशी भागले असेल. म्हणून तो सल्ला चांगला ठरत नाही.

दोघींनीही 'टाइमशिफ्ट' हा प्रोग्राम कोठारातून टाकून घ्यावा. मोठ्या अपग्रेडपूर्वी चालवल्यास तो संपूर्ण प्रणालीची स्थिती जपून ठेवतो आणि बिनसल्यास तेथे परत नेतो. मात्र आपल्या स्वतःच्या फायली तो सहसा जपत नाही. प्रोजेक्टची प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावीच.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत लिनक्स मिंट आले आहे. सरकारी कचेरीतून येणाऱ्या काही कन्नड फायली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो, आणि आमची स्वतःची जुनी मराठी इतिवृत्तेही तशीच दिसतात. कन्नड आणि मराठी दोन्ही टंकण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर टाकावे? — एक लिपिक, चिक्कोडी तालुका

उत्तर : अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असते, तर फॉन्ट नाही एवढाच अर्थ होता आणि कोठारातील 'फॉन्ट्स-केएनडीए' हे कन्नडचे व 'फॉन्ट्स-देवा' हे देवनागरीचे पॅकेज टाकून काम भागले असते. इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, याचा अर्थ ती फाइल युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या रीतीने टंकलेली आहे : फाइलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरांचे संकेत आहेत आणि विशिष्ट फॉन्टच त्यांना कन्नड किंवा मराठी रूप देतो. कन्नडमध्ये नुडीच्या जुन्या फॉन्टांत टंकलेल्या फायलींचे असे होते, मराठीत श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांतील फायलींचे. संस्थेकडे तो फॉन्ट परवान्यासह असेल, तर त्याची फाइल दोनदा क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबावे. लिनक्सवरही तो चालतो आणि मजकूर पूर्वीसारखा दिसू लागतो. कचेरीकडून पुढील कागद पीडीएफ स्वरूपात मागवावेत, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट बहुधा आतच बसवलेला असतो. जुनी इतिवृत्ते मात्र केव्हातरी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी लागतील. तो खर्च आज टाळला तर पुढच्या संगणकावर पुन्हा हेच पत्र लिहावे लागेल.

टंकण्यासाठी काहीच टाकण्याची गरज नाही. कीबोर्डच्या सेटिंगमधील 'लेआउट' या भागात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांचे कगप लेआउट आधीपासून असतात. 'कगप' हे बंगळूरच्या कन्नड गणक परिषदेचे आद्याक्षरी नाव. तिचा लेआउट मराठी टंकायलाही तितकाच उपयोगी पडतो, आणि दोन्हींत कळांची जागा बहुतांशी सारखी असल्याने एकदा बोटे बसली की लिपी बदलताना अडखळायला होत नाही. इन्स्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण लेआउट शिकलेल्यांसाठी तोही आहे.

प्रश्न : उद्यमबागेतील आमच्या वर्कशॉपमधला जुना डेस्कटॉप सोमवारी सकाळी अपडेट घेत नाही, 'रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही' असे म्हणतो, ब्राउझरही संकेतस्थळे असुरक्षित असल्याचे सांगतो. दुरुस्तीवाल्याने नवी हार्ड डिस्क सुचवली आहे. — एक वाचक, बेळगाव

उत्तर : हार्ड डिस्क घेऊ नये. पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळ पाहावे; तेथे बहुधा शनिवार संध्याकाळ दिसत असेल. मदरबोर्डवरील सीआर 2032 हा बटनसेल संपला की वीज बंद असताना संगणकाला वेळ सांभाळता येत नाही, आणि सुरू होताना तो शेवटी नोंदलेली वेळ खरी धरतो. त्याच्या दृष्टीने कोठारातील रविवारची यादी, म्हणजे ती रिलीज फाइल, उद्याच्या तारखेची असते, म्हणून तो ती नाकारतो; ब्राउझरही प्रमाणपत्रांच्या तारखा त्याच घड्याळाशी ताडून पाहतो. सेल बदलावा आणि तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क टाइम' चालू करावे.

प्रश्न : माझ्याकडे मिंट 21 आहे. लगेच 22 वर जावे काय? — एक गृहिणी, टिळकवाडी

उत्तर : घाई नाही. मिंट 21 ला 2027 पर्यंत आणि मिंट 22 ला 2029 पर्यंत सुरक्षाविषयक अपडेट मिळणार आहेत. तोवर 'अपडेट मॅनेजर' दाखवील ती अपडेट घेत राहावीत. आवृत्ती बदलण्यापूर्वी टाइमशिफ्टची नोंद व फायलींची प्रत काढून ठेवावी, आणि मुले घरी असतील अशा सुटीत ते काम काढावे.